‘एका बाईने लिहिलेली’ कादंबरी आणि तिचा जमाखर्च

जमाखर्च | शनिवार, रात्री १०:५०

नमस्कार मंडळी.

गेल्या महिन्यात भाची इंग्लंडहून आली. येताना चॉकलेटं आणली, आणि पाकिटात उरलेली १० पौंडांची एक नोट. नोटेवर इंग्लिश कादंबरीकार जेन ऑस्टिन. बँक ऑफ इंग्लंडने ही नोट २०१७ साली काढली. भाचीला वाटलं, मामाला कौतुक वाटेल. मामा नोट हातात धरून हसत सुटला, कारण १० पौंड हा आकडा माझ्या डोक्यात भलत्याच कारणाने बसलाय.

१८०३ साली ऑस्टिनच्या ‘सुझन’ नावाच्या कादंबरीचे हक्क लंडनच्या क्रॉस्बी कंपनीने विकत घेतले. बरोबर १० पौंडांना. कंपनीने जाहिरात केली आणि हस्तलिखित ठेवून दिलं. सहा वर्षं काही हालचाल नाही. १८०९ मध्ये बाईंनी ‘मिसेस ॲश्टन डेनिस’ या खोट्या नावाने पत्र धाडलं: हस्तलिखित हरवलं असेल तर दुसरी प्रत पाठवते, नाहीतर दुसरीकडे छापायला मी मोकळी. सहीची आद्याक्षरं जोडली की शब्द होतो ‘मॅड’. उत्तर आलं: अमुक मुदतीत छापू असं आम्ही कबूल केलेलं नाही, दुसरीकडे छापलीत तर अडवू, हवी असेल तर आम्ही दिले होते तेवढे १० पौंड आणून द्या. १८१६ मध्ये भाऊ हेन्रीने ते मोजले आणि बाड सोडवून आणलं. पैसे चुकते झाले, मगच त्याने सांगितलं की ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ लिहिणारी ती हीच. (असं बाईंच्या भाच्याने लिहिलेल्या चरित्रात आहे. घरची गोष्ट, थोडं मीठमसाला धरून चाला.) कादंबरी ‘नॉर्दँगर ॲबी’ या नावाने १८१७च्या डिसेंबरात आली. बाई जुलैमध्येच गेल्या होत्या.

मी साहित्याचा माणूस नाही. तीस वर्षं लोकांच्या वह्या तपासतोय. त्यामुळे जॉर्जियन काळातल्या लेखिकांचा विषय निघाला, म्हणजे १७१४ ते १८३०, चार जॉर्ज ओळीने गादीवर होते तेव्हाचा, की सगळे ‘बिचाऱ्यांना नाव लपवावं लागायचं’ यावर गलबलतात आणि मी मात्र पानाच्या तळाशी काय छापलंय ते शोधतो.

‘सेन्स अँड सेन्सिबिलिटी’ १८११च्या ऑक्टोबरात आली. तीन खंड, किंमत १५ शिलिंग. शीर्षकाच्या पानावर लेखकाच्या जागी ‘बाय अ लेडी’. हे सगळ्यांना माहीत असतं. त्याच पानावर खाली बारीक अक्षरात आहे: ग्रंथकर्त्यासाठी छापली, सी. रॉवर्थ, बेल यार्ड, टेंपल बार, प्रकाशक टी. एजर्टन, व्हाइटहॉल. (या एजर्टनच्या दुकानाचं नाव ‘मिलिटरी लायब्ररी’. धंदा लष्करी पुस्तकांचा.) ‘ग्रंथकर्त्यासाठी छापली’ या शब्दांत अख्खा करार आहे. कागद, छपाई, जाहिरात, सगळं लेखिकेच्या खर्चाने. प्रकाशक विकून देणार आणि आपलं कमिशन कापणार. उरलं तर तिचं, बुडालं तर तिचंच. हेन्रीने लिहून ठेवलंय की तोटा येणारच असं धरून तिने आपल्या तुटपुंज्या मिळकतीतून पैसे बाजूला काढून ठेवले होते. म्हणजे बुडीत कर्जाची तरतूद! हे वाचलं आणि बाई मला एकदम आपल्या वाटल्या.

बुडालं नाही. १८१३च्या जुलैपर्यंत आवृत्ती संपली, १४० पौंड हातात आले, आणि हक्क तिच्याकडेच राहिले. दरम्यान ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ मात्र तिने एजर्टनला हक्कासकट ११० पौंडांना देऊन टाकली होती. तिला १५० हवे होते. दोघांचंही समाधान होणं शक्य नव्हतं, असं ती पत्रात लिहिते. जानेवारी १८१३ मध्ये पुस्तक आलं, त्याच वर्षी दुसरी आवृत्ती, १८१७ मध्ये तिसरी. त्यातला एक शिलिंग तिला मिळाला नाही. जे पुस्तक आज विमानतळावरच्या दुकानातही असतं, नेमकं तेच तिने हातचं घालवलं होतं.

मग गाठ पडली जॉन मरीशी, म्हणजे कवी बायरनच्या प्रकाशकाशी. ‘एमा’ आणि आधीच्या दोन कादंबऱ्यांचे (‘सेन्स अँड सेन्सिबिलिटी’ आणि ‘मॅन्सफील्ड पार्क’) हक्क मिळून त्याने ४५० पौंड देऊ केले. तिने बहिणीला कळवलं की गृहस्थ लबाड आहे, पण रीतीभातीचा. आणि नाही म्हणाली. ‘एमा’ पुन्हा स्वतःच्या खर्चाने, २००० प्रती, किंमत एक गिनी म्हणजे २१ शिलिंग. मरीने त्याच सुमाराला ‘मॅन्सफील्ड पार्क’ची दुसरी आवृत्ती काढली, ती पडून राहिली. हिशेबाच्या वेळी ‘एमा’चा नफा २२१ पौंड ६ शिलिंग ४ पेन्स, ‘मॅन्सफील्ड’चा तोटा १८२ पौंड ८ शिलिंग ३ पेन्स, तो वळता केला. बाईंच्या हातात ३८ पौंड १८ शिलिंग.

माझं म्हणणं एवढंच की ‘बाय अ लेडी’वर आपण फार रेंगाळतो. नाव लपवणं त्या मानाने किरकोळ. हक्क विकले की राखले, तोटा कोणाच्या माथी, यावर त्या बायकांचं लेखन जगलं किंवा मेलं. तुम्हाला काय वाटतं?

बोरूबहाद्दर | शनिवार, रात्री ११:०४

मीपयला! वाचनखूण साठवली, सावकाश वाचतो.

एक शंका. ‘लेडी’चं ‘बाई’ कसं केलंत? शीर्षकात ‘एका बाईने’ म्हणजे आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशीही आल्या. लेडी म्हणजे घरंदाज. ‘एका कुलीन स्त्रीने’ म्हणा. वाचणाऱ्याला त्यातून ‘स्त्री आहे’ यापेक्षा ‘बऱ्या घरातली आहे, पुस्तक लेकीसुनांच्या हाती द्यायला हरकत नाही’ हे कळत असणार. ते लपवणं नव्हतं, जाहिरातच होती की!

जमाखर्च | शनिवार, रात्री ११:२०

बोरूबहाद्दर, मान्य. ‘कुलीन स्त्री’ लिहिलं असतं तर धागा कोणी उघडला नसता म्हणून ‘बाई’.

नेत्रा_नाशिक | रविवार, सकाळी ८:१५

लेख आवडला, पण ‘किरकोळ’ला माझा ठाम विरोध. तुम्ही ऑस्टिनचा हिशेब मांडलात, मी फॅनी बर्नीचा मांडते.

पंधराव्या वाढदिवशी या मुलीने आपलं तोवरचं सगळं लिखाण जाळलं. लिहिण्याची ओढ म्हणजे लाज, असं तिला वाटायचं. ओढ गेली नाही ती नाहीच. पुढे ‘एव्हलिना’ लिहिली. आता अडचण अशी की तिचे वडील चार्ल्स बर्नी संगीताचा इतिहास लिहीत होते आणि त्यांच्या मजकुराच्या नकला हीच करायची. छापखान्यातल्या कोणी तिचं अक्षर ओळखलं तर? म्हणून तिने अख्खी कादंबरी वळण बदलून पुन्हा उतरवून काढली. चोरून, बरीचशी रात्री. भाऊ वेष पालटून हस्तलिखित घेऊन प्रकाशक लाउंड्सकडे गेला. प्रकाशकाची पत्रं एका कॉफीहाउसच्या पत्त्यावर, पुरुषी टोपणनावाने. मोबदला २० गिनी. जानेवारी १७७८ मध्ये पुस्तक बाजारात आलं ते तिला कळलं कसं, तर नाश्त्याच्या टेबलावर सावत्र आईने वर्तमानपत्रातली जाहिरात मोठ्याने वाचली तेव्हा! ही खाली मान घालून चहा पितेय. वडिलांना कित्येक महिन्यांनी कळलं.

जमाखर्चकाका, ते २० गिनी त्या चोरट्या व्यवहाराचेच दर होते. प्रकाशकासमोर बसून घासाघीस करायचीच सोय नाही तिला. नाव उघड झाल्यावर पुढच्याच ‘सेसिलिया’ला, १७८२ मध्ये, २५० पौंड मिळाले. मग नाव किरकोळ कसं? नाव मुद्दलात धरा, व्याजात नको.

आणखी एक. मेरी वुलस्टनक्राफ्टने १७९० मध्ये ‘पुरुषांच्या हक्कांचं समर्थन’ निनावी छापलं. महिन्याच्या आत दुसरी आवृत्ती, तिच्यावर नाव. पुस्तक तेच, पण आता ते एका बाईचं झालं आणि टीकाकार पुस्तक सोडून बाईवर आले.

फुकट_फौजदार | रविवार, सकाळी ९:०२

+१ नेत्राताई.

पण पुरुषही निनावी लिहायचेच ना? वॉल्टर स्कॉटची ‘वेव्हर्ली’ १८१४ची, त्याने उघडपणे कबूल केलं १८२७ मध्ये. कवी म्हणून नाव मोठं, कादंबरी हा हलका माल. त्याच्याबद्दल ऑस्टिनने पत्रात म्हटलंय की याने कादंबऱ्या लिहायचं काही कारण नव्हतं, चांगल्या तर मुळीच नाही. कवितेत कीर्ती आणि पैसा मिळालाय, आता दुसऱ्यांच्या तोंडचा घास कशाला काढतो? पुस्तकावर नाव नसून तिला त्याच वर्षी माहीत होतं!

काका, एक सांगा, ते ४५० नाकारणं मग चूकच ना? ३८ हातात पडले.

जमाखर्च | रविवार, सकाळी १०:४०

फौजदार, आज बसून हिशेब केला तर हो, घाट्याचा निर्णय. ती गेल्यावर १८३२ मध्ये भावंडांनी पाच कादंबऱ्यांचे हक्क बेंटली नावाच्या प्रकाशकाला विकले ते २१० पौंडांना. पाचांचे! पण १८१५ मध्ये तिच्यासमोर काय होतं? एकदा हक्क विकून पस्तावलेली, दोनदा राखून फायद्यात गेलेली. त्या अनुभवावर मीही तिला ‘राखा’ असंच सांगितलं असतं.

बाकी तिचे दर बाजारात वरचे नव्हतेच. भुताखेतांच्या वाड्यांवर लिहिणाऱ्या ॲन रॅडक्लिफला १७९४ मध्ये एका कादंबरीचे ५०० पौंड मिळाले, १७९७ मध्ये ८००. मराया एजवर्थला १८१४ मध्ये ‘पेट्रनेज’चे २१००. त्याच वर्षी ‘मॅन्सफील्ड पार्क’ आली होती.

नेत्राताई, ‘किरकोळ’ मागे घेतो. बर्नीचं बदललेलं अक्षर मला माहीत होतं, पण दराशी त्याचा संबंध माझ्या लक्षात आला नव्हता. त्यात भर म्हणून एक: १७९६ मध्ये बर्नीने ‘कॅमिला’ आगाऊ वर्गणी गोळा करून छापली. एक गिनी भरा, तुमचं नाव पुस्तकात छापू. त्या यादीत ‘मिस जे. ऑस्टिन, स्टीव्हन्टन’ आहे. वीस वर्षांची होती. दुसरीच्या पुस्तकात नाव आलं, स्वतःच्या पुस्तकावर जिवंतपणी कधीच आलं नाही.

वकिलीणबाई | रविवार, दुपारी १:३०

चर्चा छान चाललीय, पण तुम्ही दोघंही बहुतेक अविवाहित बायकांचे हिशेब घेऊन बसलात. ऑस्टिनचं लग्न झालं नव्हतं. पैशाची बोलणी भाऊ करत असला तरी नफा कायद्याने तिचा होता. लग्न झालेल्या बाईला तेही नाही. तेव्हाच्या इंग्लिश कायद्यात लग्नानंतर बायको नवऱ्यातच विरघळायची. तिची कमाई नवऱ्याची, करारही त्याच्याशिवाय धड होत नाही. हे बदलायला १८७० आणि १८८२चे कायदे यावे लागले.

शार्लट स्मिथ घ्या. नवरा उधळ्या. १७८३ मध्ये कर्जापायी किंग्ज बेंच तुरुंगात गेला, काही काळ हीही त्याच्यासोबत तिथे राहिली. १७८४ मध्ये पैशासाठी सुनीतं छापली. आणि नाव लपवलं नाही! शीर्षकाच्या पानावर ‘शार्लट स्मिथ, बिग्नर पार्क, ससेक्स’. बिग्नर पार्क हे तिचं माहेर. सासरी तुरुंगवास आणि पुस्तकावर माहेरचा पत्ता, हे मला फार बोलकं वाटतं. १७८७ मध्ये ती नवऱ्यापासून वेगळी झाली आणि पुढच्या दहाएक वर्षांत दहा कादंबऱ्या लिहिल्या, दर साधारण खंडाला ५० पौंड. बारा बाळंतपणं झालेली बाई. वेगळी राहत होती तरी कायद्याने तिच्या कमाईवर नवऱ्याचा हात होताच.

वर सासऱ्याचं मृत्युपत्र. तो ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालकांपैकी, वेस्ट इंडीजचा व्यापारी. नातवंडांना मिळावं म्हणून त्याने स्वतःच मृत्युपत्र लिहिलं, वकील न लावता. (पक्षकार मंडळी, लक्ष द्या.) १७७६ मध्ये वारला, दावा चॅन्सरी कोर्टात अडकला तो १८१३ पर्यंत. ही १८०६ मध्येच गेली.

थेम्सकाठची | रविवार, दुपारी ४:१०

काका, तुमच्या नोटेवर एक वाक्य आहे, वाचनासारखा आनंद दुसरा नाही अशा अर्थाचं. ते कोण म्हणतं माहितीय? ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’मधली कॅरोलिन बिंगली. नायक डार्सीने बघावं म्हणून पुस्तक धरून बसलेली, आणि लगेच जांभई देणारी! बँकेत कोणी कादंबरी वाचली नसावी.

मी इथून गाडीने चॉटनला जाऊन आले, ऑस्टिन मायलेकी राहायच्या त्या घरी. खिडकीशी तिचं लिहिण्याचं टेबल आहे, अक्रोडाच्या लाकडाचं, बारा कोनांचं. किती लहान असावं? आपल्याकडे हॉलमध्ये फोन ठेवायचं टेबल असायचं ना, तेवढं. कागदाचा एक ताव आणि दौत ठेवली की संपलं. हात लावू देत नाहीत. मी वाकून पाय बघत होते तर तिथल्या आजी हसल्या, म्हणाल्या, सगळे हेच करतात.

जवळच भावाचा मोठा वाडा, चॉटन हाउस. तिथे आता जुन्या लेखिकांच्या पुस्तकांचं ग्रंथालय आहे. आपण ऑस्टिन-बर्नी करतो, पण खरा ढीग मिनर्व्हा प्रेसचा. विल्यम लेनचा हा छापखाना लंडनच्या लेडनहॉल स्ट्रीटवर, ज्या रस्त्यावर ईस्ट इंडिया कंपनीची कचेरी होती तिथेच. तो कादंबऱ्या छापायचा आणि फिरत्या वाचनालयांना, म्हणजे वर्गणी घेऊन पुस्तकं घरी वाचायला देणाऱ्या दुकानांना, पुरवायचा. लिहिणाऱ्या पुष्कळशा बायकाच, बऱ्याच निनावी, मोबदला बेताचा. कादंबरी तीन खंडांत का, तर वाचनालयाला एकच कादंबरी एका वेळी तिघींना देता येते. पहिला खंड शेजारणीकडे, दुसरा तुमच्याकडे, तिसऱ्यासाठी रांग.

आजोळकर | रविवार, संध्याकाळी ७:४५

बोरूबहाद्दरांनी ‘लेडी म्हणजे घरंदाज’ म्हटलं तिथे माझी सुई अडकली. मग जी घरंदाज नव्हती ती काय करायची? ब्रिस्टलच्या ॲन यर्झलीची गोष्ट सांगतो.

ही दूधवाली. दारोदार दूध घालायची आणि घरच्या डुकरासाठी लोकांच्या स्वयंपाकघरातलं खरकटं न्यायची. त्यातलं एक घर हॅना मोरचं, म्हणजे त्या काळच्या नावाजलेल्या लेखिकेचं. मोरच्या स्वयंपाकिणीकडून कळलं की दूधवाली कविता करते. मोरने मनावर घेतलं, बड्या लोकांकडून वर्गणी जमवली, हजाराच्या वर वर्गणीदार झाले, आणि १७८५ मध्ये कवितांचं पुस्तक निघालं. इथवर सगळं छान.

मग पैसे. मोरबाईंनी ते गुंतवले आणि दस्त असा केला की विश्वस्त मोर आणि त्यांची श्रीमंत मैत्रीण एलिझाबेथ मॉंटेग्यू. दूधवालीने व्याज घ्यायचं, मुद्दलाला हात लावायचा नाही. गरिबाच्या हाती पैसा गेला तर बिघडेल, ही काळजी. यर्झली म्हणाली, पैसे माझे, लेकरं माझी, माझ्या हाती द्या. झालं. मोरबाईंच्या लेखी ती कृतघ्न. यर्झलीने नंतरच्या आवृत्तीत स्वतःची बाजू छापली, सरळ. पुढचं पुस्तक मोरच्या मदतीशिवाय काढलं आणि १७९३ मध्ये ब्रिस्टलच्या हॉटवेल्स भागात स्वतःचं फिरतं वाचनालय थाटलं!

मोरबाई वाईट नव्हत्या. पुढे १७९५ पासून गरिबांसाठी स्वस्त बोधकथांच्या पुस्तिका काढल्या, त्या पहिल्या वर्षात २० लाख खपल्या. पण काका, तुमच्या हक्क आणि कमिशनच्या हिशेबात हा तिसरा प्रकार धरा: वर्गणी जमवणारा आश्रयदाता. त्याचं व्याज पैशात फेडून चालत नाही.

दिवाणभर_कविता | रविवार, रात्री ९:३०

मी वाचनमात्र असते, आज राहवलं नाही. ‘ग्रंथकर्त्यासाठी छापली’ वाचून हॉलमधला दिवाण आठवला.

चार वर्षांपूर्वी कवितासंग्रह काढला. प्रकाशकाचं नाव घेत नाही. ५०० प्रती, सगळे पैसे माझे, विक्री ते करणार, असं ठरलं. सहा महिन्यांनी टेम्पो दारात. ‘मॅडम, गोडाऊन रिकामं करतोय.’ २८० प्रती आता दिवाणात आहेत, वर गाद्या. पाहुणे आले की माझ्या कवितांवर झोपतात. उरलेल्या २२० विकल्या की वाटल्या, याचा हिशेब अजून मिळालेला नाही. मरीने निदान शिलिंग-पेन्सपर्यंत लिहून दिला होता. लबाड असो, वही तर होती.

घारापुरी | रविवार, रात्री १०:१५

दिवाणताई, एक प्रत माझी. पैसे देऊन घेणार. व्यक्तिगत निरोप करा.

अवांतर, पण फार अवांतर नाही: या काळातली एक लेखिका आपल्याकडे येऊन गेली. मराया ग्रॅहम. वडील आरमारात, त्यांच्यासोबत १८०९ मध्ये मुंबईला उतरली, त्याच वर्षी इथेच लग्न झालं. घारापुरी पाहिली, घाट चढून कार्ल्याची लेणी पाहिली, पुण्याला गेली. तिची हिंदुस्थानातली रोजनिशी १८१२ मध्ये एडिंबरोहून छापून आली, आणि पुस्तकावर स्वच्छ ‘मराया ग्रॅहम’. तेव्हा ऑस्टिन अजून ‘एक लेडी’च होती. मला वाटतं, प्रवासवर्णनात ‘मी स्वतः पाहिलं’ हीच विक्रीची गोष्ट, तिथे नाव हवंच. कादंबरीत नसलं तरी चालतं.

याउलट सिडनी ओवेन्सन. १८११ च्या तिच्या ‘द मिशनरी’मध्ये गोवा आहे, काश्मीर आहे, धर्मन्यायालय आहे. बाईंनी हिंदुस्थान कधी पाहिला नव्हता.

फुकट_फौजदार | सोमवार, सकाळी ९:२०

काका, रात्री वडिलांना तुमचा लेख वाचून दाखवला. रुपये-आणे-पै शिकलेली पिढी. लगेच पाठकोऱ्या कागदावर वजाबाकी मांडली. बारा पेन्सांचा शिलिंग, वीस शिलिंगांचा पौंड. २२१-६-४ वजा १८२-८-३. उत्तर ३८ पौंड १८ शिलिंग १ पेनी. वडील विचारताहेत, हिशेबनिसांनी बाईंची एक पेनी कुठे टाकली?

जमाखर्च | सोमवार, रात्री ९:५५

वडिलांना नमस्कार सांगा. पेनी बरोबर आहे, मरीच्या हिशेबात ती निघते.

पण बाईंनी स्वतः कादंबऱ्यांच्या नफ्याची एक चिठ्ठी लिहून ठेवलीय, सरकारी ‘नेव्ही फाइव्ह्ज’ रोख्यांतल्या ६०० पौंडांच्या वरच्या मिळकतीची. तीत २१ फेब्रुवारी १८१७ पुढे ‘एमा’चा पहिला नफा म्हणून ३८-१८ एवढंच आहे. पेनी तिनेच सोडली. मूळ लेखात दुरुस्ती करत नाही, तिचीच नोंद ठेवतो.

दिवाणताई, दोन प्रती माझ्याही. पावती हवी.